जर्मनीत जुनी मस्टँग घ्यावी का? (हौसेला मोल नसतं, पण टॅक्स असतो)

वळणावरचा:
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं जर्मनीत आहे. आजवर दोन गाड्या झाल्या. दोन्ही डिझेल, दोन्ही स्टेशन वॅगन, दोन्ही करड्या. दुसरी घेतली तेव्हा आठवडाभर शेजाऱ्यांना कळलंच नाही की गाडी बदललीय. आता चाळिशी उलटली आणि डोक्यात एक किडा शिरलाय: मसल कार. १९६६ किंवा ६७ ची फोर्ड मस्टँग, व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन.

किड्याचा उगम आमच्याच गल्लीत आहे. कोपऱ्यावरच्या घरात एक निवृत्त आजोबा राहतात. एप्रिल ते ऑक्टोबर, दर रविवारी सकाळी ते गॅरेजचं दार वर करतात, गाडी सुरू करतात आणि पाच मिनिटं नुसते शेजारी उभे राहतात. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच बारीक थरथरते. मुलगी दुधाच्या कपाकडे बोट दाखवते, त्यात वर्तुळं उठलेली असतात. मी त्याच वेळी कचरा टाकायला बाहेर जातो. कचरा असो वा नसो.

तर प्रश्न असे. गाडीची किंमत सोडा, ती बाळगायला वर्षाला काय पडतं? इथेच घ्यावी की अमेरिकेतून आणावी? गाड्यांमधलं मला पेट्रोल कुठून भरायचं एवढंच कळतं. अशा माणसाने या भानगडीत पडावं का? आणि शेवटचा प्रश्न बायकोचा आहे: "ती घेऊन जायचं कुठे?" याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांनी सांगा. जे करून पस्तावलेत त्यांनी आधी सांगा.

रिकामटेकडा:
जागा धरून ठेवतोय. हा धागा शंभरी गाठणार.

हिशेबनीस:
मीही जर्मनीतच, तेव्हा आकड्यांचं माझ्याकडे लागलं.

आधी गोड बातमी. गाडीला ३० वर्षं झालेली असली आणि ती मूळ रूपात नीट राखलेली असली की एच नंबरप्लेट मिळते. नंबराच्या शेवटी एच, म्हणजे ऐतिहासिक. मग इंजिन दीड लिटरचं असो की सात लिटरचं, टॅक्स वर्षाला सरसकट १९१.७३ युरो. शहरांतल्या पर्यावरण झोनमध्येही सूट. शिवाय २०१७ पासून एच प्लेट हंगामीसुद्धा घेता येते. तुमच्या आजोबांसारखी एप्रिल ते ऑक्टोबर घेतलीत तर सात महिन्यांचाच टॅक्स, सुमारे ११२ युरो.

आता याच्या उलट नवी मस्टँग जीटी घ्या. पाच लिटरचं इंजिन, किलोमीटरमागे २७० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर टॅक्स साडेसहाशेच्या वर. म्हणजे भकाभका धूर सोडणारी जुनी गाडी वारसा आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावलेली नवी गाडी पाप. सरकारी तर्क आहे. त्याच्याशी भांडू नये, त्याचा फायदा घ्यावा.

आयातीचंही तसंच. ३० वर्षांपुढची, मूळ स्थितीतली, उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची गाडी संग्राह्य वस्तू म्हणून येते. ड्युटी शून्य, व्हॅट १९ ऐवजी ७ टक्के. समजा गाडी ३०,००० युरोंना पडली आणि जहाजभाडं २,०००. ३२,००० वर ७ टक्के म्हणजे २,२४०. तीच गाडी साधी जुनी गाडी म्हणून आली असती तर नेहमीची १० टक्के ड्युटी आणि त्या बेरजेवर १९ टक्के व्हॅट, मिळून ९,८८८. म्हणून कागदावर काय लिहिलंय ते जहाजात चढवण्याआधी बघायचं, बंदरात उतरल्यावर नाही.

पेट्रोल: लिटरला सहा किलोमीटर धरा. वर्षाला २,००० किलोमीटर चालवलीत तर ३३३ लिटर. लिटरला १.७५ युरो लावला तर ५८३ युरो. हे ऐकून लोक घाबरतात, पण यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण यापेक्षा जास्त तुम्ही चालवणारच नाही.

घाबरायचं ते गॅरेजला. जुन्या गाड्यांचा विमा स्वस्त असतो, पण कंपनी विचारते की रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे का, वर्षाला किती किलोमीटर आणि रात्री गाडी कुठे उभी असते. "रस्त्यावर" म्हणालात की संभाषण तिथेच संपतं. मी गॅरेजला महिन्याला ९० युरो मोजतो. वर्षाचे १,०८०. टॅक्सच्या साडेपाच पट.

चक्रधर:
एक तांत्रिक हरकत. मस्टँग ही मसल कार नव्हेच. ती पोनी कार, म्हणजे छोटेखानी स्पोर्टी गाडी.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या घरगुती गाडीत कंपनीकडचं सगळ्यात थोराड इंजिन कोंबायचं. सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की या मापाच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन द्यायचं नाही. त्यांच्याच पॉन्टिअॅक विभागात जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि ते "ऑप्शन पॅकेज" म्हणून विकायला काढलं. नियम मॉडेलला लागू होता, ऑप्शनला कुठे होता! या सगळ्या प्रकाराचा जन्मच पळवाटेतून झालेला आहे, हे मला फार आवडतं.

पुढे १९६८ ची डॉज चार्जर आरटी, ४४० घनइंच. १९७० ची शेव्हेल एसएस ४५४, कागदावर ४५० हॉर्सपॉवर. मग १९७१ पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन आणि त्यासोबत ताकद उतरवली गेली, १९७२ पासून आकडे नेट पद्धतीने, म्हणजे इंजिनाला सगळा लवाजमा लावून मोजलेले, छापायला लागले, १९७३ ला तेलाचं संकट आलं आणि खेळ खलास. अख्खा सुवर्णकाळ जेमतेम नऊ वर्षांचा.

रिकामटेकडा:
पोनी म्हणजे मराठीत तट्टू. थोडक्यात, वळणावरचा साहेब तीस हजार युरोंचं तट्टू घेताहेत आणि वहिनी विचारताहेत की बसून जायचं कुठे. अत्यंत रास्त प्रश्न.

पाना_नंबर_बारा:
चक्रधरकाका, तट्टू म्हणा की घोडा, बोल्ट इंचातलेच. वळणावरचा, तुमच्या घरातला पान्यांचा सेट तिथे निकामी. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ चा पाना बसतो असं वाटतं, बसतोही, आणि बोल्ट गंजलेला असला की सटकन फिरतो. मग बोल्टचे कोपरे गोल, आणि पुढचा अख्खा शनिवार त्या एका बोल्टचा. सात सोळांश, अर्धा, नऊ सोळांश हे तीन पाने गाडीच्या आधी घ्या.

डाव्या_हाताचा:
"जे पस्तावलेत त्यांनी आधी सांगा" असं म्हटलंय म्हणून लिहितोय. पस्तावलो, पण विकली नाही. आता दोन्ही कसं, ते ऐका.

मी इंग्लंडमध्ये. २०१८ साली १९६६ ची मस्टँग घेतली. जाहिरातीत "अस्सल व्ही-८". बॉनेट उघडलं तर खरंच व्ही-८ होतं, २८९ घनइंचांचं. आवाज ऐकला आणि माझी उरलीसुरली अक्कल सायलेन्सरमधून निघून गेली. चेसिस नंबर मी कागदांवर जुळवून बघितला, जुळला. पण वाचला नाही. तो वाचायचा असतो, हे मला माहीतच नव्हतं.

नंबर असा सुरू होतो: ६आर०७टी. सहा म्हणजे १९६६, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०७ म्हणजे कूपे. पाचवं अक्षर इंजिनाचं. सी किंवा ए असेल तर व्ही-८. के असेल तर तो दुर्मीळ २७१ हॉर्सपॉवरवाला व्ही-८, आणि मग किंमत कुठच्या कुठे. टी म्हणजे सरळ सहा सिलिंडर. माझी गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरची निघाली होती, व्ही-८ नंतर कुणीतरी घातलेला. याचा पुरावा चाकावरच होता: ६५-६६ च्या सहा सिलिंडरवाल्या मस्टँगला चाकाला चार नट, व्ही-८ ला पाच. मी त्या चार नटांशेजारी उभा राहून फोटो काढून घेतलाय, हसत.

बरं, पैशाचं जाऊ द्या. ज्याने इंजिन घातलं त्याने ब्रेक तेच ठेवले होते, नऊ इंची ड्रम. व्ही-८ ला कारखाना दहा इंची द्यायचा. त्यात १९६६ पर्यंत मस्टँगला ब्रेकचं सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलची वाट, एकच. दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर ६७ पासून आला. म्हणजे एका चाकाला गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले.

तिसऱ्या महिन्यात एका उतारावर, खाली लाल सिग्नल, पेडलवर पाय ठेवला. चिखलात पाय रुतावा तसं पेडल खाली गेलं आणि खालीच राहिलं. त्या गाडीचा हँडब्रेक डॅशबोर्डखाली असतो, ओढायची मूठ. मी सवयीने दोन सीटांच्या मधे हात मारतोय, तिथे काहीच नाही. मूठ सापडली, ओढली, गिअर खाली टाकला, डावी चाकं फुटपाथच्या कडेवर घासत नेली आणि एका रिकाम्या बसस्टॉपपाशी थांबलो. रिकामा होता म्हणून आज इथे मजेत लिहितोय. मागच्या चाकातून ब्रेक ऑइल गळत होतं, टायरची आतली बाजू ओलीचिंब होती. रोज समोरून बघत होतो, आतून कोण बघतो!

इथे ४० वर्षांपुढच्या गाडीला रोड टॅक्स नाही, लंडनच्या यूलेझचा, म्हणजे धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा, आकार नाही आणि दरवर्षीची एमओटी तपासणीही सक्तीची नाही. ही शेवटची सूट मला कृपा वाटायची. आता मी हट्टाने पैसे भरून दरवर्षी एमओटी करतो. दोन सर्किटांचा सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवले. एवढ्या कामाचे सुटे भाग स्वस्त पडले, मजुरी नाही.

आणि हो, मागचे इंडिकेटर लाल होते, ते पिवळे करावे लागले. इथे १ सप्टेंबर १९६५ नंतरच्या गाड्यांना तो नियम आहे. बाकी स्टिअरिंग डावीकडे असल्याने पार्किंगचं तिकीट घ्यायला बायकोला शेजारी बसवावंच लागतं. ओव्हरटेक करतानाही तिलाच विचारावं लागतं. संसार टिकला आहे.

वळणावरचा:
डाव्या_हाताचा, अंगावर काटा आला. पाचवं अक्षर, पाच नट, दोन सर्किटं. लिहून घेतलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, याला तरी बसस्टॉपपर्यंत जायचं होतं."

अरुणा_फ्रान्स:
साडेसहाशे युरो टॅक्सला नावं ठेवताय? आमच्याकडे या. फ्रान्समध्ये नव्या गाडीच्या पहिल्या नोंदणीला प्रदूषणाचा दंड असतो. २०२४ साली किलोमीटरमागे १९३ ग्रॅमच्या वरच्या गाडीला ६०,००० युरो. एकदाच भरायचे, पण गाडीच्या किमतीव्यतिरिक्त. म्हणजे एक मस्टँग तुम्ही घ्यायची आणि जवळजवळ दुसरी सरकारला घेऊन द्यायची. माझ्या नवऱ्याने शोरूममध्ये तो आकडा दोनदा वाचला आणि सेल्समनला विचारलं की शून्य जास्त पडलंय का. ३० वर्षांपुढच्या, संग्राहक कागदपत्रं असलेल्या गाडीला हा दंड नाही. म्हणून जुनीच घ्या हे हिशेबनीस म्हणतात ते शंभर टक्के बरोबर.

टोकियोकर:
जपानात बरोबर उलटं. इथे गाडी १३ वर्षांपुढे गेली की वार्षिक टॅक्स सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. टॅक्स इंजिनाच्या मापावर, आणि ६ लिटरच्या वरचा गट सगळ्यात वरचा, नव्या गाडीलाही १,१०,००० येन. त्यावर दर दोन वर्षांनी शाकेन तपासणी, आणि जागा असल्याचा दाखला असल्याशिवाय मुळात नोंदणीच नाही. माझ्या एका सहकाऱ्याकडे १९७० ची चॅलेंजर आहे, रुंदी १.९ मीटरच्या वर. त्याच्या इमारतीतल्या यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यात ती मावत नाही. गाडी दुसऱ्या उपनगरात राहते. तो रविवारी तिला भेटायला लोकलने जातो.

रिकामटेकडा:
लांब राहिलं की प्रेम टिकतं.

वाळवंटी:
इकडे दुबईत हा प्रश्नच नाही राव. ड्युटी ५ टक्के, २०१८ पासून व्हॅट ५ टक्के, रस्ते रुंद. दर दहाव्या मिनिटाला एक चॅलेंजर दिसते. माझी स्वतःची २०१६ ची. पण इथली गोम वेगळी. बाजारात अमेरिकेत ठोकलेल्या, तिकडे विम्याने निकालात काढलेल्या गाड्या येतात, पत्रा सरळ करून, लांबी (पुट्टी) भरून, चकचकीत रंग मारून विकल्या जातात. आखातासाठी बनवलेल्या गाडीला कूलिंग दणकट असतं, अमेरिकन स्पेकला तसं असेलच असं नाही. ऑगस्टात सिग्नलला उभं राहिलं की काटा चढताना दिसतो. मी स्वस्तात मिळाली म्हणून अमेरिकन स्पेक घेतली. विमा कंपनीने फुल इन्शुरन्स नाकारला, फक्त थर्ड पार्टी. आधी विमा विचारा, मग गाडी बघा.

चक्रधर:
वाळवंटी, चॅलेंजर कोणती? व्ही-६ की हेमी व्ही-८?

वाळवंटी:
काका, प्रश्न व्यक्तिगत आहे.

रिकामटेकडा:
व्ही-६ आहे. ठरलं.

वाळवंटी:
३०५ हॉर्सपॉवर आहेत! आणि डिसेंबर २०२३ मध्ये चॅलेंजरचं उत्पादनच थांबलं, त्यामुळे आता व्ही-६ सुद्धा इतिहास आहे. हसा.

हिरवी_फांदी:
सगळे पैशाबद्दल बोलताय म्हणून एक वेगळी बाजू. १९६६ च्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, अमेरिकेतच तो १९७५ च्या मॉडेलांपासून सर्रास आला. न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड सरळ बाहेर. वर्षाला २,००० किलोमीटर म्हणजे एकूण कार्बन फार नाही, हे मला मान्य आहे. पण आजोबा ती पाच मिनिटं मुलीच्या खिडकीखाली उभी ठेवतात, त्याचं काय? काचा थरथरण्याचं कौतुक वाचलं. मला त्या थंड इंजिनाचा चोक ओढलेला धूर आठवला. माझ्या लहानपणी शेजाऱ्यांची जीप अशीच सुरू व्हायची, आणि आम्ही नाकाला फडकं लावायचो.

हिशेबनीस:
हिरवी_फांदी ताई, मुद्दा बरोबर. पण थंड इंजिन उभं ठेवून गरम करायची गरजही नसते. अर्धं मिनिट, आणि हळूहळू चालवत न्यायची. इथे जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवून उभं राहणं नियमातही बसत नाही. आजोबा आवाज ऐकायलाच उभे राहतात, बाकी काही नाही.

तेलकट:
आवाजाचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही.

त्या व्ही-८ चा आवाज तसा का येतो? आठ सिलिंडर, चार उजवीकडे, चार डावीकडे. क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, कोपरे ९० अंशांत, समोरून बघितलं तर अधिकचं चिन्ह. फोर्डच्या २८९ चा फायरिंग क्रम १-५-४-२-६-३-७-८. एक ते चार उजवे, पाच ते आठ डावे. आता बाजू म्हणून बघा: उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा. मोठ्याने म्हणून बघा, मांडीवर दोन हातांनी वाजवून बघा. सम अंतराने आठ ठोके पडतात, पण हात सारखे पडत नाहीत, मधेच एक हात दोनदा येतो. प्रत्येक बाजूचा सायलेन्सर वेगळा असला की कानाला तो दुहेरी ठोका ऐकू येतो. तोच तो गुरगुराट. फेरारीच्या व्ही-८ मध्ये क्रँक सपाट, हात आळीपाळीने पडतात, म्हणून ती किंचाळते. ही ठेका धरते.

पाना_नंबर_बारा:
ऑफिसात मांडीवर वाजवून बघितलं. शेजारच्याने विचारलं, बरं आहे ना?

सध्या_भारतात:
भारतातून आम्ही नुसतं वाचावं. २०१६ ला मस्टँग अधिकृत आली ती ६५ लाखांना, दिल्ली एक्स-शोरूम. २०१५ च्या पिढीत पहिल्यांदा कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची बनली, म्हणून येऊ तरी शकली. २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद केल्याचं जाहीर केलं. डाव्या स्टिअरिंगची जुनी आणली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२० आहेच, वळण दाखवायला यांत्रिक किंवा विजेची सिग्नल यंत्रणा लागते म्हणे. सगळ्यांना असते की!

दुर्गा_उत्तर:
मी स्वीडनमधून. धाग्यातल्या सगळ्या बायका "कुठे जायचं" विचारणाऱ्या किंवा पार्किंगचं तिकीट घेणाऱ्या आहेत, म्हणून लिहिते. आमच्याकडे १९७२ ची प्लिमथ डस्टर आहे, ३१८ घनइंच. गाडी माझी. नवरा शेजारी बसतो आणि नकाशा चुकवतो.

या देशात अमेरिकन गाड्यांचं वेड पन्नासच्या दशकापासून आहे, त्या पोरांना रागारे म्हणतात. १९७८ ला व्हेस्टेरॉसजवळ पॉवर बिग मीट नावाचा मेळा सुरू झाला, जगातल्या मोठ्या अमेरिकन गाड्यांच्या मेळ्यांपैकी एक. ३० वर्षांपुढच्या गाडीला टॅक्स नाही. लहान गावांत शनिवारी रात्री गाड्यांची रांग मुख्य रस्त्यावरून वीसच्या वेगाने जाते, गावाच्या टोकाला वळते आणि परत येते. तीन तास. जायचं कुठेच नसतं. मला पहिल्यांदा हा शुद्ध वेडेपणा वाटला होता. आता मी त्या रांगेत सातवी-आठवी असते.

डाव्या_हाताचा, तुमच्यासाठी एक गंमत. स्वीडन ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत रस्त्याच्या डाव्या बाजूने गाड्या चालवायचं आणि गाड्या मात्र बहुतेक डाव्या स्टिअरिंगच्याच होत्या. अख्खा देश तुमच्यासारखा ओव्हरटेक करत होता.

आता खर्चाचं. गंज. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा गाडी बाहेर काढायचीच नाही. आणि वाळवंटातून, कॅलिफोर्निया-ॲरिझोनातून आलेली घ्या, तिचं सीट फाटलेलं असेल, डॅशबोर्ड तडकलेला असेल, पण पत्रा जिवंत असेल. कापड शिवता येतं.

तेलकट:
दुर्गाताईंशी सहमत. वळणावरचा, ६५ ते ६८ च्या मस्टँगची एक ठरलेली जागा सांगतो. पुढच्या काचेखाली, वायपरपाशी जी हवेची जाळी असते तिच्या आत दोन नळकांडी आहेत, केबिनमध्ये हवा यायला. त्यांच्या बुडाशी पानं-माती साठते आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून काही दिसत नाही. बघायला जाताना पाण्याची बाटली न्या. जाळीत सावकाश पाणी ओता. पाणी पुढच्या चाकांच्या मागून खाली गळलं तर ठीक. आत पाय ठेवायच्या जागी आलं तर दुरुस्तीला पुढचे मडगार्ड उतरवून, ढिगाने स्पॉट वेल्ड फोडून वरचा पत्रा काढावा लागतो. पॅनल महाग नाही, ते करणारा माणूस महाग आहे. सोबत लोहचुंबक न्या, पातळ कापडात गुंडाळून. जिथे लांबी भरलीय तिथे चिकटणार नाही.

आणि जर्मनीत आहात तर एक शोधा: त्या काळी जर्मनीत विकलेल्या मस्टँगवर मस्टँग नाव नसायचं. नावाचा हक्क क्रुप या जर्मन कंपनीकडे होता, म्हणून फोर्डने ती टी-५ नावाने विकली. अशी एखादी मिळाली तर कागदं जपून बघा.

चक्रधर:
टी-५ चा उल्लेख केल्याबद्दल तेलकट यांना माझ्याकडून एक सलाम. पोनी असली तरी.

वळणावरचा:
तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा.

एक गाडी बघून आलो. १९६७ ची, फिकट निळी, दोन तासांवर. चुंबक, बाटली, टॉर्च, सगळं पिशवीत. विक्रेत्याने पिशवी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. पाचवं अक्षर सी. नट पाच. मास्टर सिलिंडर दोन सर्किटांचा. चुंबक डाव्या दाराच्या खालच्या कडेला पडलं, बाकी सगळीकडे चिकटलं. गाडी सुरू केली, मी मनात उजवा-डावा-उजवा-उजवा म्हणत उभा. बायकोने माझ्या हातातली बाटली काढून घेतली, कारण मी ओतायचं विसरलो होतो.

तिने ओतलं. चाकामागून पाणी आलं. मला हायसं वाटलं. मग ती गुडघ्यावर बसली, शेजारच्या सीटसमोरचा गालिचा उचलला आणि बोटं आत घातली. बाहेर काढली ती ओली, आणि टोकाला तांबूस. काही न बोलता तिने ती बोटं विक्रेत्यासमोर धरली. तो म्हणाला, मी पावसात गाडी काढतच नाही. ती म्हणाली, मग छत तरी कशाला ठेवलंय? तिथून पुढचा अर्धा तास मी फक्त जर्मन क्रियापदं सांभाळत होतो, सौदा तिने केला. तो साडेतीन हजार खाली आला. आम्ही सांगितलं, कळवतो.

परत येताना आमच्या करड्या डिझेलने त्या निळीपेक्षा कितीतरी पटकन वेग घेतला. हे दोघांच्याही लक्षात आलं. दोघंही बोललो नाही.

हिशेबनीस:
तुमच्या डिझेलचे हॉर्सपॉवर नेट आहेत, २८९ चे २०० ग्रॉस होते, म्हणजे पंखा, सायलेन्सर वगैरे न लावता मोजलेले. लाजू नका. पत्र्याच्या कामाचं लेखी अंदाजपत्रक घेतलंत का?

वळणावरचा:
घेतलं. उतरवलेल्या साडेतीन हजारांपेक्षा ते जास्त आहे. सविस्तर व्यक्तिगत निरोप पाठवतो.

दुर्गा_उत्तर:
आणि वहिनींचा मूळ प्रश्न? कुठे जायचं?

वळणावरचा:
आता विचारत नाही. काल रात्री तिच्या लॅपटॉपवर ॲरिझोनातल्या जाहिराती उघड्या होत्या. फाटक्या सीटच्या.

रिकामटेकडा:
गाडी घेतली की नाही ते एका शब्दात सांगा. शंभरी भरायला अजून बरीच मजल आहे.

वळणावरचा:
आधी गॅरेज. कोपऱ्यावरच्या आजोबांच्या शेजारचं एक रिकामं होणार आहे असं कळलं. त्यांना विचारायला गेलो, तर म्हणाले, यादी आहे, तुमचा चौथा नंबर. मग म्हणाले, रविवारी नऊला या. कचरा आणायची गरज नाही.